पाकिटावरचा चंद्र



मी सातवीपर्यंत शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. रक्तदाबाची गोळी कोणती केव्हा घ्यायची हे कळावे म्हणून मी सकाळच्या पाकिटावर सूर्य व रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढला, आणि स्वतःवरच खूष झाले! पुढे अमावस्येला त्यांनी रात्रीची गोळी घेतलीच नाही. म्हणाल्या, "आगं, आज चंद्र कुठं उगवतोय?" संकष्टीचा नियम त्यांनी गोळीला लावला होता. वद्य पक्षात तर मध्यरात्रीपर्यंत जागत. चित्रात त्यांना काय दिसते, हे मी विचारलेच नव्हते. मग त्यांच्याच सांगण्यावरून अंथरूण काढले.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सुइणींसाठी मण्यांची चौकट केली. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; मिनिटाची वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनियाची खूण. साठपर्यंत मोजता येण्याची अडचणच नको.

आपले मंडळ बाळंतिणींसाठी तक्ता छापणार आहे. कोडोलीत लावण्यापूर्वी तो एकदा आमच्या सासूबाईंना दाखवू द्या.