शाळेतलं नाटक आणि म्हैसूरचे कारंत

म्हैसूर शहरातल्या कलामंदिराच्या आवारात नाट्यदिग्दर्शक बी. व्ही. कारंतांनी १९८९ साली 'रंगायण' ही नाट्यसंस्था उभी केली. उन्हाळी सुट्टीत तिथे मुलांचा 'चिण्णर मेळा' भरतो आणि शेवटी मुलंच नाटकं करून दाखवतात.

कारंत स्वतः पोरवयात घरातून पळाले आणि गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत शिरले. वीरण्णांनीच त्यांना शिकायला बनारसला धाडलं. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्यावर हा माणूस दिल्लीच्या सरदार पटेल विद्यालयात चक्क शाळेचा नाट्यशिक्षक झाला!

मुलांसाठी त्यांनी लिहिलेलं 'पंजर शाले' रवींद्रनाथांच्या गोष्टीवर बेतलंय. राजा पोपटाला शिकवायचं ठरवतो. सोन्याचा पिंजरा होतो, पंडितांची चंगळ होते, पोथ्यांची पानं पोपटाच्या चोचीत कोंबली जातात आणि शेवटी पोपट मरतो. शाळेच्या मंचावर शाळेचीच अशी खरडपट्टी काढायला मुलांना काय मजा येत असेल!

आपल्याकडे पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन एकांकिकांना नाव मिळवून दिलं. शाळेतलं नाटक मात्र अजून स्नेहसंमेलनातल्या नाचांच्या मधे कुठेतरी अंग चोरून उभं असतं. शिक्षकहो, यंदा शाळेत नाटक बसवाच, आणि बसवताना तयार ध्वनिमुद्रित संगीत बाजूला ठेवा. पाऊस, वारा, आगगाडी हे सगळे आवाज मुलांनाच तोंडाने आणि टाळ्यांनी काढू द्या.