डॉ. कोटणीस आणि अंगावर काढलेला आजार

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, हप्ते आणि बँक हे आपले नेहमीचे विषय. आज ते थोडे बाजूला ठेवून एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. माणूस आपल्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमाही काढला होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आठवत असेल. नाव बऱ्याच जणींनी ऐकलं असेल, पण ते गेले कशानं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

१९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चीनमध्ये जखमींचे ढीग लागले आणि डॉक्टर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथल्या सेनापतींनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. तेव्हा आपण स्वतः इंग्रजांच्या गुलामीत होतो, तरी सुभाषबाबूंनी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून लोकांना आवाहन केलं. लोकांनी पैसे जमवले, २२ हजार रुपये गोळा झाले. एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा पोरगा तेव्हा फक्त २७ वर्षांचा होता आणि पुढच्या परीक्षेची तयारी करत होता. त्यानं घरी विचारलं आणि सप्टेंबर १९३८ मध्ये बोटीनं निघाला.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ही मंडळी येनानला पोचली. कोटणीस तिकडे असतानाच सोलापूरला वडील वारले. थोरल्यांचं छत्र गेलं की घरच्यांना परदेशातला मुलगा जवळ हवासा वाटतो, हे तुम्हाला मी काय सांगू. पण जखमींना सोडून ते परतले नाहीत. बरोबरचे डॉक्टर एकेक करून मायदेशी आले. कोटणीस आणि बसू तेवढे मागे राहिले.

एट्थ रूट आर्मी नावाच्या सैन्याबरोबर ते डोंगराळ भागात काम करायचे. दवाखाना म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातलं एखादं घर. शत्रू जवळ आला की जखमींसकट सगळं उचलायचं आणि दुसऱ्या गावी मांडायचं. औषधांची कायम टंचाई. १९४० सालच्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, असं सांगतात. चिनी भाषा ते शिकले, त्या भाषेत मुलांना शिकवू लागले. १९४१ मध्ये तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर. तेही त्याच सैन्यात होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात विष पसरलं आणि १९३९ मध्ये ते गेले.

तिथंच कोटणीसांची गाठ कुओ चिंगलान यांच्याशी पडली. त्या परिचारिकांना शिकवायच्या. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन्ही घरं एका नावात.

आता नीट ऐका. कोटणीसांना फीट यायच्या. आपण मिरगी म्हणतो, आकडी म्हणतो, तोच आजार. दुसरीकडे जाऊन उपचार घ्या, विश्रांती घ्या, असं त्यांना सांगितलं गेलं. ते काम सोडून गेले नाहीत. जागरणं चालूच, शिकवणं चालूच, शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहिणंही चालूच. ९ डिसेंबर १९४२ रोजी फीट येऊन ते गेले. वय ३२. बाळ साडेतीन महिन्यांचं. शेकडो लोकांना ज्यानं मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याला स्वतःच्या आजारानं नेलं.

चीननं त्यांना विसरू दिलं नाही. तिथल्या शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. पण त्या माउलीचा विचार करा. नवरा गेला, आणि पुढं तो मुलगाही डॉक्टरकी शिकता शिकता ऐन पंचविशीच्या आत गेला. कुओ चिंगलान ९६ वर्षं जगल्या. भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांशी नातं त्यांनी तुटू दिलं नाही.

कोटणीसांपुढं युद्ध होतं. औषध नव्हतं, बदली डॉक्टर नव्हता. त्यांना दोष द्यायची आपली पात्रता नाही. पण आपल्यापुढं कुठलं युद्ध आहे गं? उपकेंद्र आहे, आशाताई दारात येते, तरी आपण आजार अंगावर काढतो. सुगी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू, असं म्हणतो. आपल्या गटाची कर्जाची वही उघडून बघा. नवऱ्याच्या ऑपरेशनला कर्ज सापडेल, पोरांच्या तापाला सापडेल, सासूच्या डोळ्यांना सापडेल. स्वतःच्या दुखण्यासाठी किती जणींनी कर्ज घेतलंय, ते मोजा.

आणि फीटबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा. हा आजार भूतबाधा नाही, शिवल्यानं होत नाही. तो मेंदूचा आजार आहे आणि रोजच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या फीट आटोक्यात येतात. कुणाला फीट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू आणि चूल दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, माणसाला एका कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा. फीट थांबल्या म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. आणि मुलीला फीट येते हे लपवून तिचं लग्न लावू नका. लपवलं की सासरी गोळ्या बंद होतात, आणि भोगावं पोरीला लागतं.

माझी एकच मागणी आहे. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गटानं बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारायचा : कोण काय अंगावर काढतंय? जी सांगेल तिच्याबरोबर गटातल्या एकीनं दवाखान्यात जायचं. पैशाची अडचण असेल तर अंतर्गत कर्जातून आधी तिला द्यायचं.

आठशे जखमींमागे तो डॉक्टर उभा राहिला. त्याच्यामागे डोंगरात उभं राहायला कुणी नव्हतं. तुमच्यामागे दहा-बारा जणी आहेत. त्यांना सांगा तरी.