हृदयाचें औषध आणि दुखण्यावरची गोळी

हृदयरोग्याच्या उशाशीं डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या औषधांची डबी असते. आणि त्याच घरच्या कपाटांत डोकेदुखी, गुडघेदुखी यांवर दुकानांतून सहज आणलेल्या गोळ्याही असतात. पहिल्या औषधांविषयीं सारें घर दक्ष असतें. दुसऱ्यांना औषध म्हणून कोणी मोजीतही नाहीं. घोटाळा होतो तो येथेंच.

ॲस्पिरिनचें उदाहरण घ्यावें. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुष्कळ रोग्यांना रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घ्यावयास सांगतात. रक्तांतील प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटले म्हणजे गुठळी होते. त्या कणांतील ज्या एन्झाइमामुळें हें चिकटणें वाढतें, त्यालाच ॲस्पिरिन कायमचें निकामी करतें. कणाचें आयुष्य सात ते दहा दिवसांचें. तेवढा काळ त्याचा जोर मोडलेला राहतो. ॲस्पिरिनच्या क्रियेचें हें मूळ जॉन व्हेन यांनीं १९७१ मध्यें उकललें आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

अंगदुखीवरचें आयब्यूप्रोफेन त्याच एन्झाइमावर बसतें, परंतु तात्पुरतें. तें आधीं पोटांत गेलें, तर मागून आलेल्या ॲस्पिरिनला वाट मिळत नाहीं व तें थोड्याच वेळांत रक्तांतून नाहींसें होतें. पुढें कांहीं तासांनीं आयब्यूप्रोफेनही उठून जातें, आणि हृदयाचें दार उघडेंच राहतें! म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २००६ मध्यें सूचना दिली कीं, साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासानें, किंवा त्यापूर्वीं आठ तासांहून अधिक अंतर राखून आयब्यूप्रोफेन घ्यावें.

डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन इत्यादि याच वर्गांतील गोळ्या शरीरांत मीठ व पाणी सांठवितात. त्यामुळें रक्तदाब चढतो, लघवी वाढविणाऱ्या औषधाचा गुण उणावतो आणि दुर्बळ हृदयावरील भार वाढतो. रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफरिन घेणाऱ्यास त्यांच्यामुळें जठरांत रक्तस्राव होण्याचें भय असतें. पॅरासिटामॉल त्या मानानें सौम्य; परंतु रोज भरपूर घेतल्यास तेंही वॉरफरिनचा प्रभाव वाढवितें.

याचा अर्थ रोग्यानें दुखणें मुकाट्यानें सोसावें किंवा हृदयाचें औषध परस्पर बंद करावें, असा नव्हे. डॉक्टर जेव्हां चालू औषधें विचारतात, तेव्हां चिठ्ठीवांचून आणलेल्या गोळीचेंही नांव सांगावें. वेष्टनावरील बारीक अक्षरें आधीं वाचावीं. गोळी स्वस्त असली, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीं.