थर्सायटीसचा प्रश्न

(कोहमारा येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या मास्तराने होमरवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु राजेरजवाड्यांचे काव्य म्हणून ‘इलियड’ बाजूस सारणे मला मान्य नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील माणसांची निर्भीड तपासणी केली, ग्रीक वीरांची तशी तपासणी करण्याचा अधिकार आपणांसही आहे.

बाराव्या सर्गात दोन्ही सैन्ये तुल्यबळ ठरतात. हे सांगण्यासाठी कवी कोणती उपमा योजतो? लोकर कातणारी एक सचोटीची गरीब स्त्री तराजूची पारडी समतोल धरून आहे; मुलांसाठी तिला तुटपुंजी मजुरी मिळवायची आहे. हे वाचताना मला आपल्या भागातील, हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या भगिनी आठवतात. ऐन रणधुमाळीत कवीची नजर श्रमाच्या मापावर गेली, ही त्याची थोरवी होय.

पण तोच कवी दुसऱ्या सर्गात काय करतो? लढायचे आम्ही आणि तंबू भरायचे आगामेम्नॉनचे. तेव्हा घरी चला, असे थर्सायटीस भर सभेत सुनावतो. पहिल्या सर्गातील अकिलीसचे गाऱ्हाणे याहून फारसे निराळे नव्हते. परंतु अकिलीसची मनधरणी करण्यास दूत गेले. थर्सायटीसच्या पाठीवर ओडिसियसने राजदंड हाणला. कवीनेही त्याला लंगडा, कुबडा, कुरूप रंगविले. आणि ज्यांच्या वतीने तो बोलला, ते सैनिकच हसले!

तरुणपणी वाचताना मीही हसलो होतो. पुढे एका मोर्चानंतरच्या बैठकीत एका वृद्ध शेतमजुराने वर्गणीचा हिशेब विचारला. तो अडखळत बोलत होता. आम्ही शिकलेली मंडळी हसलो. तो खाली बसला. पुन्हा कधी बैठकीस आला नाही. हिशेब मात्र राहून गेला. त्या दिवसापासून मला थर्सायटीसवर हसता आलेले नाही.

‘ओडिसी’त मृतलोकातील अकिलीस म्हणतो की, मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या दरिद्री माणसाकडे मोलमजुरी करून जगणे बरे. मजुराच्या जिण्याची किंमत त्या वीराला मेल्यावर कळली. आपण ती जिवंतपणी ओळखू या. प्रश्न विचारणारा कसा दिसतो, कसा बोलतो, हे पाहू नका. त्याच्या प्रश्नाचे वजन करा, आणि तेही त्या लोकर कातणाऱ्या स्त्रीच्या सचोटीने.