घरचे नियम आणि वडील माणसे
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



मुलांना वळण कसे लावावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली. शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आमच्या मनात ठसली आहे. जो नियम वडील माणसे पाळीत नाहीत, तो मुले फार दिवस पाळीत नाहीत.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस असतो. घर आई अथवा आजी सांभाळते. दिवेलागणीस घरी परतावे, अभ्यासाच्या वेळी मोबाइलला हात लावू नये, असे नियम ती माउली वर्षभर नेटाने चालविते. गणपतीस अथवा शिमग्यास वडील येतात आणि 'चार दिवस राहू दे ग' एवढ्या शब्दांनी तिचा नियम मुलांदेखत मोडतात. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु वडील परत जातात आणि मोडलेली घडी पुन्हा बसविण्याचे काम तिच्या एकटीच्या वाट्यास येते. मुले तिचे ऐकेनाशी होतात, आणि दोषही तिलाच लागतो. सूट द्यावयाचीच असेल, तर ती तिच्या तोंडून द्यावी.

थोरांनी नियम स्वतःस लावून घेण्याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली घालून दिले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे, असे गावाने ठरविले. यातील मर्म असे, की बंधन थोरांनाही होते. वडील माणसे मालिका पाहत बसली, तर मुलाचे चित्त पुस्तकात कसे लागावे?

नियम मोडल्यास मारावे काय? शाळेत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. घरीही छडीचे काम नाही, असे आमचे मत आहे. आपल्या जिल्ह्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांच्या 'श्यामची आई' या पुस्तकातील माउलीने पोहण्यास भिणाऱ्या श्यामला मारले, हा दाखला काहीजण देतात. परंतु तो प्रसंग पुरता वाचावा. मागाहून तिचेच डोळे भरून आले, आणि मुलाच्या अंतःकरणात राहिली ती तिची माया.

नियम थोडे असावेत, कारणासह आधी सांगितलेले असावेत, आणि मोडल्यास ठरलेला परिणाम शांतपणे घडावा. खेळून उशिरा आला, तर दुसऱ्या दिवशी खेळ तेवढाच कमी. रागाच्या भरात महिन्याची शिक्षा सुनवावी आणि उद्या विसरावी, याने मूल एवढेच शिकते, की वडिलांच्या शब्दास किंमत नाही.

गणेशोत्सवास गावी येणाऱ्या बंधूंना आमची एक विनंती आहे. मुलांसाठी खाऊ आपण आणालच. परंतु घरात कोणते नियम चालू आहेत, हे प्रथम घरच्या माउलीस विचारावे, आणि ते स्वतःही पाळावेत. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.