आधी आकृती, मग सूत्र



एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात 50 प्रश्न आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 108 सेकंद. अशा घाईत शाब्दिक उदाहरण समोर आलं, की बरीच मुलं आकडे दिसताक्षणी सूत्राच्या मागे धावतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पहिले काही सेकंद नुसतं वाचायला आणि कच्ची आकृती काढायला द्या. तो वेळ पुढे भरून निघतो.

एक उदाहरण घेऊ. जवळ कागद-पेन्सिल असेल तर फारच छान. साडेसहा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला 24 सेंटिमीटर या वेगानं भिंतीपासून दूर सरकतंय. ते भिंतीपासून अडीच मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल?

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. विचारलाय वेग, उंची नव्हे; तोही एका ठरावीक क्षणाचा. आता आकृती. काटकोन त्रिकोण झाला. कर्ण साडेसहा, पाया अडीच, म्हणजे उंची सहा मीटर. शिडी अजून बरीच उभी आहे. अशा शिडीचं खालचं टोक थोडं सरकलं, तर वरचं त्याहून कमीच उतरतं. तेव्हा उत्तर 24 पेक्षा लहान येणार, हे आकडेमोडीआधीच कळलं.

मग पायथागोरस. पायाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग बरोबर शिडीच्या लांबीचा वर्ग. याचं वेळेच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या आणि त्यानंतरच अडीच हा आकडा घाला. इथेच पुष्कळांचं चुकतं. आकडा आधी घातला, तर सरकणारा पाया स्थिर धरला जातो आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य येतं. नीट क्रमानं गेलात, तर अडीच भागिले सहा, गुणिले 24. उत्तर, सेकंदाला 10 सेंटिमीटर. मीटरचे सेंटिमीटर करत बसायचं कारण नाही. भागाकारात मीटरला मीटर कटतात.

कुणी गुणोत्तर उलटं धरलं, तर 57.6 येईल. पर्यायांत तो आकडाही असू शकतो. पण ज्यानं आकृती काढली, तो त्याला फसणार नाही. तो वेग खालचं टोक सहा मीटरवर पोचल्यानंतरचा आहे.

सरावाला भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण देतो. 32 हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? मोडून कललेला भाग हाच कर्ण, हे आकृतीत दिसलं की 12 हात हे उत्तर फार दूर नाही.

आणि परीक्षेत एखादं उदाहरण दोन मिनिटांत उलगडलंच नाही, तर त्यातल्या त्यात पटणारा पर्याय निवडा, खूण करून पुढे चला, वेळ उरला की परत या. सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.