धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला का?



स्वागत समितीच्या वतीने मी तुमचं बेंगळुरूच्या कोरमंगलात मनापासून स्वागत करते. वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या एजीपुरा उड्डाणपुलाच्या खांबांमधून वाट काढत, रिक्षावाल्याशी अर्धं हिंदी आणि अर्धं कानडी बोलत तुम्ही वेळेवर पोहोचलात, याबद्दल आधी तुमचे आभार. ज्यांची झोप झाली नसेल त्यांच्यासाठी चहा दिवसभर चालू आहे. लहान मुलांची सोय मागच्या खोलीत आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षिकांनी केली आहे.

मराठी ख्रिस्ती संमेलन बेंगळुरूत कशाला, असं काहींनी आम्हाला विचारलं. विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं की या राज्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबा पदमनजी 1831 साली बेळगावात जन्मले आणि 1854 साली त्यांचा बाप्तिस्मा बेळगावातच झाला. पुढे तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा पाया घातला. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. ते रानही आज कर्नाटकातच आहे. त्यांच्या मुलीने, मनोरमेने, शाळा काढली ती गुलबर्ग्यात. तेव्हा इथे येताना कुणी परकेपणा धरू नये.

अशी यादी मी संध्याकाळपर्यंत वाचू शकेन. फादर स्टीफन्सचं 1616 चं ‘ख्रिस्तपुराण’, नगरहून 1842 साली निघालेला ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळकांचे अभंग, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, आणि अगदी अलीकडे, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आपल्या मुलांना ही नावं ठाऊक असलीच पाहिजेत. पण या यादीवरच संमेलन उभं राहिलं तर आपण एक चांगलं मराठी मंडळ होऊ, याहून जास्त काही होणार नाही. बेंगळुरूत मराठी मंडळं आहेत आणि ती आपलं काम उत्तम करतात. आपण इथे जमलो त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला रमाबाईंचाच आधार घ्यावा लागतो.

1883 च्या 29 सप्टेंबरला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. बुद्धीने त्यांची खात्री पटली होती. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्या लिखाणाने त्यांच्या शंका एकेक करून फेडल्या होत्या. मन मात्र हललं ते दुसऱ्या एका ठिकाणी. लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर लोक मायेने सांभाळत होत्या. हे तुम्ही कशासाठी करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विधवांचे हाल स्वतः पाहिलेल्या, भोगलेल्या या विदुषीला तिथे कळलं की ज्या बाईशी कुणी बोलत नाही तिच्यापाशी जाऊन पाणी मागणारा देव असू शकतो.

पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली रमाबाईंनी 1907 सालच्या आपल्या साक्षीत दिली आहे. ही आठ वर्षं कसली होती ते बघा. त्या अमेरिकेत गाजल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. देशभरात नाव झालं. विधवा मुली शिकू लागल्या. सेवेत कसूर नव्हती, अभ्यासात नव्हती, चारित्र्यात तर नव्हतीच. आज अशी बाई आपल्या मंडळीत असती तर आपण तिला सरळ पंचकमिटीवर घेतलं असतं, आणि तिच्या आत काय कमी आहे हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. ते तिचं तिनेच ओळखलं. मी केलेलं काम, मला पटलेलं मत, मी पाळलेले विधी यांच्या जोरावर मी देवापुढे उभी नाही, येशूने मला जशी आहे तशी घेतलं म्हणून उभी आहे, इथवर ती पोहोचली.

आणखी एक. इंग्लंडात आणि पुण्यात रमाबाईंभोवती पंथांचा गलका होता. प्रत्येकाची शिकवण निराळी, प्रत्येकाचा आग्रह असा की खरी मंडळी आमचीच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. अन्न देणाऱ्या, आसरा देणाऱ्या माणसांपुढेही त्यांनी आपली सद्सद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. मी ख्रिस्ताला जबाबदार आहे, हे त्या नम्रपणे पण ठाम सांगत राहिल्या. आज या सभागृहात सीएनआयचे लोक आहेत, सीएसआयचे आहेत, मेथडिस्ट आहेत, वसईचे कॅथलिक आहेत, पेंटेकॉस्टल मंडळ्यांतले आहेत. तुम्ही आपापली मंडळी सोडावी असं मला अजिबात वाटत नाही. जिने मला प्रार्थना शिकवली त्या मंडळीवर माझं प्रेम आहे. पण दुसऱ्याच्या मंडळीत ख्रिस्त दिसला तर आपल्याला आनंद होतो की थोडं खुपतं, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

ख्रिस्त मध्यभागी आला की समाजसेवा मागे पडते, नुसती प्रार्थना आणि टाळ्या उरतात, अशी शंका काही विचारी लोकांना येते. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडलं. मध्य प्रांतात 1896 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या शेकडो मुली केडगावच्या आपल्या आश्रमात घेऊन आल्या. पुढे टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. अन्नाला महाग झालेल्या बायका केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत केलेलं बायबल त्यांनीच अक्षर अक्षर जुळवून छापलं. ग्रंथ बाहेर पडला 1924 साली, बाई 1922 मध्येच गेल्या होत्या. जिला कुणी अक्षर शिकवलं नव्हतं अशी मुलगी शाईने माखलेल्या बोटांनी योहानाचा चौथा अध्याय जुळवते आहे, हे चित्र मी अनेकदा मनाशी आणते. फुलहॅमला ऐकलेली गोष्ट केडगावात त्या मुलीच्या हाती आली होती.

हे सगळं जुनं झालं. आता आपलं बोलू.

आपल्या कितीतरी मंडळ्यांचा वेळ कुठे जातो? मिळकतींचे वाद, ट्रस्टच्या निवडणुका, कोर्टाच्या तारखा. दोन गट एकाच उपासनेला येतात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि बाहेर पायरीवर एकमेकांकडे पाठ फिरवतात. दुसरीकडे आपल्या या बेंगळुरूसारख्या शहरात सभांचे फलक लागतात. फलकावर वक्त्याचा चेहरा हातभर, येशूचं नाव बोटभर. नोकरी, व्हिसा, आरोग्य मिळेल अशी हमी दिली जाते. आजारी माणसाने प्रार्थना मागावी, आपण ती मनापासून करावी, पण हमी देणारे आपण कोण?

सगळ्यात जास्त मला बोचतं ते जातीचं. येशूच्या नावाने ज्यांनी गावकुसाबाहेरचं जिणं झुगारलं त्यांची आपण नातवंडं-पतवंडं. आणि मुलामुलींची स्थळं बघताना आपण अजून दबक्या आवाजात विचारतो, ते मूळचे कोणातले? एका बाजूला ख्रिस्तात सगळे एक असं सांगणारं, गलतीकरांना लिहिलेलं पत्र आपण वेदीवरून वाचतो, दुसऱ्या बाजूला हा प्रश्न विचारतो. हे दोन्ही एका घरात नांदू शकत नाही. यावर दुपारचं पूर्ण सत्र ठेवलं आहे. कृपया त्या वेळी कुणी खरेदीला जाऊ नका.

आमच्या समितीने काही ठरवलं आहे, त्याबद्दल आधीच विनंती करते. या संमेलनात शाल-श्रीफळ, हारतुरे, सत्कार होणार नाहीत. मान द्यायचा नाही असं नाही. पाहुण्यांबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण सत्कारांत जाणारा वेळ आम्हाला शुभवर्तमानासाठी हवा होता. त्या वेळात मार्काचं शुभवर्तमान सुरुवातीपासून वाचलं जाईल, मध्ये प्रवचन नाही, स्पष्टीकरण नाही. वाचणारे असतील एक आजी, एक दहावीतला मुलगा, एक रिक्षाचालक बंधू आणि एक प्राध्यापिका. समितीत यावर वाद झाला. एवढ्या लांबून आलेली माणसं नुसतं वाचन ऐकतील का, असा सूर निघाला. मला वाटतं, ऐकतील. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती एका सहप्रवाशाने नवा करार ठेवला होता. पुढे ते वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. वक्ता नव्हता, मंडप नव्हता. येशूचे शब्द होते. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य, अगदी 1917 सालचा ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघसुद्धा, तिथून निघालं.

उद्या सकाळच्या उपासनेनंतर ज्यांना शक्य आहे त्यांनी आमच्याबरोबर सेंट जॉन्सला यावं. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून या शहरात आहे, कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने उभारलेलं. इमारत दाखवायला आम्ही तुम्हाला नेत नाही. दूरदूरची माणसं तिथे उपचारांना येतात आणि रुग्णाचे नातेवाईक फाईल मांडीवर घेऊन बाहेर तासन्‌तास बसलेले असतात. कुणाला भाषा कळत नाही, कुणाला पुढची खिडकी सापडत नाही, कुणाला डबा हवा असतो. आमच्या महिला मंडळाच्या बहिणी तिथे काय करता येतं ते तुम्हाला सांगतील. पत्रकं वाटायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. बसायचं, विचारायचं, लागेल ते करायचं.

जेवणाची सोय मागच्या मंडपात आहे. बिसी बेळे भात आहे, आणि नगरकरांसाठी ठेचाही केला आहे. आपापल्या गावच्या लोकांत न बसता अनोळखी माणसाशेजारी बसा, ही माझी शेवटची विनंती. संमेलनाध्यक्षांना मी आता पुढे यायला सांगते, पण त्यांच्याआधी आजी मार्काचा पहिला अध्याय वाचतील. आजी, या.